रामटेके सरांचं खारं पाणी

आमच्या भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये किस्से पाळीप्रमाणे वाढतात. पहिल्या पाळीत जे घडतं ते दुसऱ्या पाळीत दुप्पट होतं, आणि तिसऱ्या पाळीला पोचेपर्यंत ज्याच्या बाबतीत घडलं त्यालाही ते ओळखू येत नाही. रामटेके सरांच्या टँकबद्दल तर मी कँटीनमध्ये माझ्या कानांनी ऐकलंय की त्यांनी दुर्गच्या बोरसीतल्या घरात शार्क पाळलाय. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट सांगून टाकावं. मी तिथं होते. जे सांगते ते पहिल्या पाळीचं आहे.

आधी माणसं सांगते, फार नाहीत. रामटेके सर म्हणजे पाणी तपासायच्या लॅबमधले आमचे सीनियर केमिस्ट. मी, वर्षा, त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काम शिकले. माझा नवरा दिलीप प्लांटमध्येच क्रेन चालवतो. बिसेनभाऊ इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे, हुडको कॉलनीत आमच्या शेजारी राहतात. आणि काकू, म्हणजे सरांच्या मिसेस. दर रविवारी सकाळी आम्ही बोरसीला सरांकडे पोहे खायला जातो, आणि पोह्यांनंतर टँक.

*

बॉयलरला साधं पाणी चालत नाही. त्यातला क्षाराचा कण अन् कण काढावा लागतो, नाहीतर नळ्यांच्या आत खपली धरते आणि एक दिवस नळी फुटते. सरांनी तेहतीस वर्षं हे एकच काम केलं, पाण्यात काही राहू द्यायचं नाही. त्यांच्या काळात पाण्याच्या चुकीनं एकही नळी फुटली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. आम्ही सांगतो.

रिटायर झाल्यावर सर पुण्याला मुलाकडे, अमोलकडे गेले. अमोलच्या ऑफिसच्या दारातच समुद्राच्या पाण्याचा मोठा टँक होता, त्यात मासे आणि जिवंत प्रवाळ, म्हणजे कोरल. सर त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिले की शेवटी वॉचमननं स्वतःची खुर्ची आणून दिली.

परत आले ते ठरवूनच. चार फुटी काचेचा टँक हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी लागला. दगडासारखी कठीण जातीची प्रवाळं घरी ठेवायला कायद्याची मनाई आहे. सरांनी आधी ते नियम वाचले, मग मऊ जातीचे दोनच तुकडे रीतसर मागवले. एकाला म्हणतात लेदर, फिकट पिवळ्या छत्रीसारखं, छत्रीवर बारीक बारीक बोटं. दुसरं झोआ, म्हणजे एका दगडावर चिकटलेली हिरवी बटणं, आणि त्यातलं प्रत्येक बटण म्हणजे एक तोंड. सोबत दोन केशरी मासे. प्रवाळ झाडासारखं दिसलं तरी तो प्राणी आहे, हे सरांनी पहिल्या रविवारी आम्हाला तीनदा सांगितलं.

पाणी अर्थातच सर स्वतः बनवायचे. आधी फिल्टरनं अगदी निर्मळ करायचं, मग त्यात समुद्री मीठ मोजून विरघळवायचं. काकू दारात उभ्या राहून ते मिठाचं पोतं बघत होत्या.

"तेहतीस वर्षं पाण्यातलं मीठ काढलं," त्या मला म्हणाल्या. "आता रिटायर झाले तं पोत्यानं टाकून राहिले."

*

दोन महिने झाले. मासे मजेत होते. कोरल मात्र जिथल्या तिथे. मेलं नाही, वाढलंही नाही.

सरांनी काचेला बाहेरून शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली होती. रविवारी पोहे झाले की आम्ही सगळे पट्टीसमोर उभे राहायचो. सर एक डोळा मिटून आकडा वाचायचे, मी लिहायची. लेदर बहात्तर मिलीमीटर, बटणं सतरा. पुढच्या रविवारी लेदर बहात्तर, बटणं सतरा. त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

सरांनी ते बॉयलरच्या बिघाडासारखं अंगावर घेतलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले. "दोन बदलल्या तं कशानं फरक पडला थे समजत नाई." मग यादी झाली. लाइट, पाण्याचा प्रवाह, वीज, गरमी. एकेका संशयिताला तीन-तीन आठवडे.

आठव्या रविवारीही बहात्तर निघाले तेव्हा दिलीपला राहवलं नाही.

"सर, आपण मोजून राहिलो हे त्याले समजत तं नसंल ना? मले बी डॉक्टरनं काट्यावर उभं केलं का मायं वजन हटकून जागच्या जागी राह्यते."

सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी गेलो तर पट्टी समोरच्या काचेवर नव्हती. सरांनी ती काढून बाजूच्या काचेवर, एका दगडाच्या आडोशाला लावली होती.

कोरलला डोळे नसतात, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

*

मग एका सकाळी लेदर मिटलं. सगळी बोटं आत गेली, छत्री खाली झुकली आणि वरून मेणासारखी चकाकी आली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सर रोज सकाळी हात मागे बांधून समोर उभे राहायचे.

पाचव्या दिवशी मी ड्यूटीवर असताना अमोलचा पुण्याहून फोन आला.

"ताई, आईला काय झालंय?"

"कुठं काय? काल तर बोलले मी त्यांच्याशी."

"बाबांचा फोन आला होता. म्हणाले, 'गेलं रे, सकाळपासून हललंच नाही.' आणि ठेवून दिला. आता उचलत नाहीत. मी एअरपोर्टवर जाऊन राहिलो."

मी तशीच काकूंच्या मोबाइलवर फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मले काय होते? मी वांगे चिरून राहिली. थे त्यायचं लेदर गेलं वाटते. सकाळपासून जेवले नाई." आणि अमोलचं सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं झालं 'गेलं' म्हणाले. 'गेली' म्हणाले असते तं पोरगा पोहचला असता आतापर्यंत."

अमोलला मी वाटेवरूनच परत फिरवलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पंपाच्या धारेनं लेदरवरची ती मेणासारखी साल सुटून निघाली आणि खालून नवी कोरी बोटं बाहेर आली. साप कात टाकतो तसं ते जुनी साल टाकत होतं, एवढंच. सरांनी अमोलला फोन केला. "आलं रे," म्हणाले, आणि ठेवून दिला.

*

लाइटची पाळी आली तेव्हा बटणांचा हिरवा रंग फिका पडला होता. बिसेनभाऊंनी दिव्याच्या उंचीकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, मे महिन्यात दुपारी बिना टोपीचं उभं केलं तुम्ही त्याईले." दिवा फार खाली टांगलेला होता. वर उचलायचा, पण हळूहळू, नाहीतर तोही धक्काच.

दिलीप आणि बिसेनभाऊंनी छताला हुक मारला, दोरी आणि छोटी कप्पी लावली. दोरी दिलीपच्या हातात. बिसेनभाऊ खाली गुडघ्यावर बसून हातानं इशारे करत होते, जसे प्लांटमध्ये क्रेनला करतात. बोट वर, म्हणजे उचल. मूठ बंद, म्हणजे थांब. दिवा होता दोन किलोचा. सर एका बाजूला पट्टी धरून उभे होते आणि काकूंनी श्वास रोखून धरला होता. दोन बोटं वर, मूठ बंद, गाठ. संपलं.

दिलीपनं कपाळ पुसलं.

"सर," तो म्हणाला, "लाल लोखंडानं भरलेला लॅडल डोक्यावरून नेतो मी रोज, खाली माणसं काम करून राह्यते. हात कापत नाई. आज कापला."

रंग महिन्याभरात परत आला. बटणं मात्र सतराच.

*

विजेच्या पाळीचा किस्सा छोटा आहे. एकदा पाण्यात हात घालताना सरांना बोटाच्या चिरेपाशी झिणझिण्या आल्या. बिसेनभाऊंनी मीटर लावून बघितलं. एका पंपाची वायर आतून उघडी पडली होती आणि पाण्यात थोडा करंट उतरत होता. भाऊंनी लगेच ती लाइन बंद केली, स्विचवर प्लांटमधला लाल टॅग बांधला, "काम चालू आहे, स्विच लावू नये," आणि दुसरा पंप आणतो म्हणून निघून गेले. मासे-कोरलसाठी तेवढ्यापुरती वेगळी वायर ओढून ठेवली होती.

प्लांटचा नियम असा आहे की ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा आणि लाइन चालू करायचं परमिट द्यायचं. सरांनी उभ्या आयुष्यात तो नियम मोडला नाही. आणि भाऊंची नेमकी दोन दिवस शिफ्ट लांबली.

त्याच लाइनवर काकूंचा मिक्सर होता.

तिसऱ्या दिवशी प्लांटच्या गेटवर बिसेनभाऊंच्या नावानं एक डबा आला. आत जवसाची चटणी आणि काकूंच्या अक्षरात चिठ्ठी: "पाट्यावर वाटली आहे. परमिट कधी देता?"

*

मग उन्हाळा आला. बोरसीत मे महिना कसा असतो ते ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. टँकचं पाणी एकतीसच्या वर जायला लागलं आणि कोरलला सत्तावीस बरं. घरात कूलर एकच, बेडरूमच्या खिडकीत. सरांनी आणि बिसेनभाऊंनी तो उचलून हॉलमध्ये आणला आणि त्याचं तोंड टँककडे केलं. पाणी संध्याकाळपर्यंत सत्तावीसवर आलं. सर खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पिशवी घेऊन आमच्या दारात.

"या ना काकू. पाहुण्या म्हणून आलात तर चार दिवस राहा."

"पाहुणी नाई बाई मी. विस्थापित आहे," असं म्हणून त्या आमच्या कूलरसमोर पाय पसरून बसल्या. "चाळीस वर्षं संसार केला. कूलरचं तोंड असं सरळ मायाकडे कोणी केलं नाई."

चार दिवस त्या राहिल्या. आम्ही पत्ते खेळलो, आंब्याचा रस केला. पाचव्या दिवशी सकाळी सर आले. दारातच उभे.

"कावून आले?" काकूंनी विचारलं.

"करमत नाई."

"टँक आहे ना."

सरांनी वाकून चपलेचा पट्टा सोडला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "थे बोलत नाई."

काकू उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या. मात्र बोरसीला जाताना दोघं आधी सिविक सेंटरच्या बाजारात थांबले, आणि घरी पोचले ते दुसरा कूलर घेऊन.

*

एवढं सगळं झालं. लाइट नीट, वीज नीट, गरमी आटोक्यात, पाण्याचा प्रवाह बदलून झाला. वर्ष होत आलं. लेदर त्र्याहत्तर, बटणं सतरा.

मला एक शंका होती. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात दोन गोष्टी येतात, नायट्रेट आणि फॉस्फेट. जास्त झाल्या तर शेवाळ माजतं, म्हणून सगळे त्या कमी ठेवतात. सरांच्या कागदावर मात्र दोन्ही रकान्यांत वर्षभर एकच आकडा होता: शून्य. ते आठवड्यातून दोनदा पाणी बदलायचे, फिल्टरवर फिल्टर लावायचे, माशांना चिमूटभर खायला द्यायचे. तपासणीच्या नळीत पाणी घेऊन खिडकीकडे धरायचे, रंग आला नाही की म्हणायचे, "पाह्य वर्षा. झिरो." त्या शून्याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढाच मलाही होता. ते शून्य गाठायलाच तर त्यांनी मला शिकवलं होतं. मी वाचलं होतं की मऊ कोरलला अगदी शून्य सोसत नाही, त्याला पाण्यातून काहीतरी लागतंच. पण तोंड उघडलं नाही.

एका रविवारी बाकीचे अंगणात असताना सर मला हळूच म्हणाले, "वर्षा, तेहतीस वर्षं मी लोकाईले सांगत आलो का मले पाणी समजते. हे चार बोटाचं जनावर म्हणते, नाई समजत." मग टँककडे पाठ केली. "पुण्याहून आलो का टँक कोणाले तरी देऊन टाकतो."

अमोलला बाळ व्हायचं होतं, त्यासाठी सर आणि काकू दीड महिना पुण्याला निघाले होते. टँक आमच्यावर सोपवला. सरांनी माशांच्या खाण्याच्या बेचाळीस पुड्या बांधून डब्यात ठेवल्या, रोजची एक. पाणी बदलायचं काम माझं, खाऊ घालायचं दिलीपचं.

नेमकं प्लांटमध्ये दुरुस्तीसाठी शटडाउन निघालं. माझे दोन आठवडे लॅबमध्येच गेले. दिलीप रोज जात होता आणि "सगळं ठीक आहे" म्हणत होता. पंधराव्या दिवशी मी गेले तर काचेवर हिरवट थर, आणि पुड्यांचा डबा रिकामा.

"बेचाळीस पुड्या कुठं गेल्या?"

दिलीप मान खाली घालून उभा. "थे मासे काचेपाशी येऊन पाह्यते मायाकडे. एवढीशी पुडी. तेवढ्यात कोणाचं पोट भरते का? मी तं वरून झिंगेही आणून टाकले. बारीक करून."

मी नळीत पाणी घेतलं. नायट्रेट दहा. फॉस्फेटच्या नळीत चक्क निळसर रंग. सर येतील आणि म्हणतील, जिला चौदा वर्षं शिकवलं तिनं हे केलं. मी बादल्या भरायला घेतल्या, सगळं पाणी आजच बदलायचं म्हणून. दिलीप बिचारा फडक्यानं काच पुसायला लागला. पुसता पुसता थांबला.

"वर्षा, इकडे ये. हे पाह्य."

बटणांच्या कडेला तांदळाएवढे ठिपके होते. मी मोजले. पुन्हा मोजले. एकवीस. आणि लेदर असं उघडलं होतं जसं मी वर्षभरात कधी पाहिलं नव्हतं, एकेक बोट ताणून बाहेर, पाण्यात हलत होतं.

मी बादली खाली ठेवली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा पाण्यात काहीतरी सापडलं आणि मी ते तसंच राहू दिलं. शेवाळ वाढू नये एवढंच थोडं पाणी दर रविवारी बदललं. बाकी दिलीपला म्हटलं, "तू वाढत जा. पण झिंगे जरा कमी."

सर नातीचे फोटो घेऊन परत आले. पण आधी चपला न काढता टँकपाशी गेले. बटणं चौतीस होती. सरांनी स्वतः मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. लेदर अठ्ठ्याऐंशी. मग नळी घेतली, पाणी तपासलं, खिडकीकडे धरलं. रंग आला. आम्ही तिघं एका ओळीत उभे, बिसेनभाऊही.

"किती टाकत होता खायाले?" सरांनी विचारलं.

"मोजलं नाई सर," दिलीप म्हणाला. "त्याईचं होईपर्यंत."

सर माझ्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"शंका होती सर."

"मंग बोलली कावून नाई?"

"तुमच्या शून्यावर बोट कोण ठेवणार सर?"

सर खुर्चीवर बसले, कागद मांडीवर घेतला. नायट्रेटच्या रकान्यावर, जिथं पाहिजे तो आकडा लिहिलेला असतो, तिथलं शून्य खोडलं आणि पाच लिहिलं. त्यांच्या हातानं खोडलेला आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"उद्यापासून जेवण दिलीप वाढंल," सर म्हणाले. मग काकूंकडे वळून, "चहा कर. आणि साखर जरा जास्त टाक."

*

त्यानंतर लेदर एवढं वाढलं की कापून वाटायची वेळ आली. धारदार ब्लेडनं छत्रीचा तुकडा कापायचा, दगडाला बांधायचा, तो आपोआप धरतो आणि मूळचंही भरून येतं. पहिला तुकडा आमच्याकडे, हुडकोत. मग बिसेनभाऊंकडे. आज दुर्ग-भिलाईत सात घरांत सरांच्या लेदरची पोरं आहेत, आणि एकही मेलेलं नाही. कोणाचं काही अडलं तर फोन सरांना येतो. सर पहिला प्रश्न विचारतात, "खायाले देता का नाई?"

एकदा सर माशांचं खाणं घ्यायला बाजारात एका नव्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता, ओळखत नव्हता. सरांनी सहज विचारलं, कोरल ठेवता का.

तो म्हणाला, "अंकल, उसके चक्कर में मत पड़ो. यहाँ की गर्मी, यहाँ का पानी, भिलाई में कोरल बढ़ाना हर किसी के बस का नहीं. एक रामटेके जी हैं बोरसी में. पूरे इलाके में बस उन्हीं के यहाँ होता है."

"अच्छा," सर म्हणाले. "कैसे आदमी हैं?"

"मिला नहीं कभी. सुना है बहुत खड़ूस हैं. एक-एक चीज़ नापते हैं."

सरांनी खाण्याचा डबा घेतला, थँक यू म्हटलं आणि तडक आमच्याकडे आले. चहा होईपर्यंत त्यांनी हे तीनदा सांगितलं. बिसेनभाऊ आले तेव्हा चौथ्यांदा.

"खडूस म्हणते मले," ते म्हणाले. एवढे खूश मी त्यांना निरोप समारंभाच्या दिवशीसुद्धा पाहिले नव्हते.

*

आणि आता पुरीच्या सहलीचं.

काकूंना कधीपासून समुद्र बघायचा होता. सरांनीही तोवर पाहिला नव्हता. नोकरीत सुट्टी मिळाली की भंडाऱ्याला गावी, नाहीतर नागपूरला, एवढंच. या जानेवारीत आम्ही सगळे दुर्गहून गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरीच्या किनाऱ्यावर उभे राहिलो.

काकू साडी वर खोचून सरळ पाण्यात गेल्या. लाट आली की माझा हात घट्ट धरायच्या आणि लहान मुलीसारख्या हसायच्या. दिलीप आणि बिसेनभाऊ गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन एकमेकांचे फोटो काढत होते. सर मात्र ओल्या वाळूच्या कडेला उभे होते, पँट दोन घड्या वर केलेली, हात मागे बांधलेले. खूप वेळ. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल. मी काकूंना घेऊन बाहेर आले.

तेवढ्यात सरांनी खांद्यावरची पिशवी उघडली. आतून झाकणाची बाटली काढली, वाकून आलेल्या लाटेत बुडवून भरली, आणि कोरड्या वाळूवर रुमाल पसरून बसले. मग पिशवीतून एक छोटी नळी निघाली, दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरली की पाणी किती खारं आहे तो आकडा आत दिसतो. त्यानंतर तपासणीच्या काचेच्या नळ्या निघाल्या, थेंब टाकायच्या बाटल्या निघाल्या. सर थेंब मोजत होते. दिलीप आणि बिसेनभाऊ पाण्यातून बाहेर आले. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो, लॅबमध्ये रिझल्टची वाट बघतो तसे. एक नारळपाणीवाला गाडी सोडून आला आणि तोही उभा राहिला.

सरांनी नळी डोळ्याला लावली. फिरवून पुन्हा लावली. मग दुसऱ्या थेंबांनी पुन्हा एकदा, कारण एकाच रीडिंगवर ते कधी विश्वास ठेवत नाहीत.

"काय निघालं सर?" मी विचारलं.

"एकतीस," ते म्हणाले. "आपलं पस्तीस आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकी चालते. पण आपल्याएवढं नाई."

त्यांनी नळ्या पुसून एकेक करून पिशवीत ठेवल्या, रुमाल झटकला आणि उठून उभे राहिले. समोर पार टोकापर्यंत पाणी होतं. सर इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत राहिले.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण कोणी लक्ष देऊन राहिलं नाई."